चैत्यभूमीवर कोण असते?

महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन आटोपून मी कोर्टात परतलो त्या दिवशीची गोष्ट. बार रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक ज्येष्ठ वकील आहेत. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. मी त्यांना सर म्हणतो. त्यांनी चहा मागवला आणि विचारले, "वकीलसाहेब, तुम्ही बौद्ध लोक ईश्वर मानत नाही, आत्मा मानत नाही. मग रात्रभर रांगेत उभे राहून तुम्ही कोणाला भेटायला जाता? तिथे असतं कोण?"

हा टोमणा नव्हता. टोमणे मारणारे वेगळे असतात आणि त्यांना उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. सरांच्या पत्नीचे काही महिन्यांपूर्वीच निधन झाले होते. त्या शेवटच्या रात्रीबद्दल ते म्हणाले, "खोलीत आम्ही चौघंच होतो. प्रार्थना चालू होती. पण त्या वेळी पाचवा कुणीतरी खोलीत होता, एवढं मी शपथेवर सांगेन." आणि मग तोच प्रश्न पुन्हा : "तुमचा पाचवा कोण?"

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. 'आम्ही प्रेरणा घ्यायला जातो' हे आपले ठरलेले वाक्य माझ्या ओठांवर आले होते, पण ज्या माणसाने आपले काळीज उघडे करून प्रश्न विचारला त्याला भाषणातले वाक्य फेकून मारणे बरे वाटले नाही. कारण खरे सांगायचे तर रांग स्तूपाजवळ पोहोचते, समुद्राचा आवाज ऐकू येतो, पुढची बाई आपल्या लेकराचे डोके अलगद खाली वाकवते, तेव्हा माझ्याही गळ्यात काहीतरी दाटते. ते काय असते? ज्या चळवळीने देव नाकारले, तिच्या माणसाला हे का व्हावे? हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत. आपण टाळला की दुसरे कोणीतरी त्याचे उत्तर देते आणि ते उत्तर बहुधा आपल्याला पुन्हा देवळाच्या दारात नेऊन उभे करते. म्हणून हा लेख.

धर्माच्या अभ्यासकांनी या अनुभवावर पुष्कळ लिहिले आहे. रुडॉल्फ ओटो या जर्मन विद्वानाने १९१७ साली 'पवित्र' याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच्या मते पवित्राच्या समोर माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी होतात, थरकाप आणि ओढ. आपण धुळीसारखे आहोत असे वाटते आणि तरीही तिथून हलावेसे वाटत नाही. ओटोचे हे वर्णन बायबलच्या मुशीतून आलेले आहे हे उघड आहे. पण त्याच्या पाचच वर्षे आधी, १९१२ साली, एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सांगितले होते की धर्माची व्याख्या देवावरून करता येणार नाही, कारण बौद्ध धर्म समोर उभा आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी देव नाही. म्हणजे पवित्राचा अनुभव देवाशिवाय होऊ शकतो काय, हा वाद युरोपात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता आणि त्या वादातला साक्षीदार बुद्ध होता.

आधी बायबलकडे जाऊ, आणि प्रामाणिकपणे जाऊ. निर्गमाच्या पुस्तकात मोशे आपल्या सासऱ्याची मेंढरे चारत होरेब डोंगराजवळ येतो. एक झुडूप जळत असते, पण भस्म होत नाही. तो पाहायला पुढे सरकतो, तेव्हा झुडपातून त्याच्या नावाने हाक येते. त्याला जवळ न येण्याची आणि पायातले जोडे काढण्याची आज्ञा होते, कारण ती भूमी पवित्र असते. एवढे वाचून आपला माणूस दचकतो. 'दूर राहा, पायताण काढ' हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षे ऐकलेले आहेत. पण घाईने पुस्तक मिटू नये. पुढच्याच ओळींमध्ये तो परमेश्वर मोशेला सांगतो की मिसर देशात गुलामीत पिचणाऱ्या लोकांचे हाल आपण पाहिले आहेत, त्यांचा आक्रोश ऐकला आहे. तेव्हा तू राजाकडे जा आणि त्यांना सोडवून आण. जगातल्या धर्मग्रंथांत देव राजांच्या, पुरोहितांच्या, योद्ध्यांच्या बाजूने उभा राहिल्याच्या कथा पायलीला पन्नास मिळतील. गुलामांचा आक्रोश ऐकून हाक मारणारा देव दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी आपल्या मालकांचाच हा ग्रंथ हाती घेतला आणि त्यातून मालकाची बाजू नव्हे तर मोशेची बाजू उचलली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, खून होण्याच्या आदल्या रात्री, मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपाच्या सभेत जे भाषण केले त्याचा शेवट मोशेच्याच कथेवर होता. सफाई कामगारांचा संप, हे आपण विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

एलीया संदेष्ट्याची कथा तर मला अधिक जवळची वाटते. जुलमी राणीच्या भीतीने तो पळून त्याच होरेब डोंगरावरच्या गुहेत लपतो. प्रचंड वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो. पण परमेश्वर वाऱ्यात नसतो, भूकंपात नसतो, अग्नीतही नसतो. त्यानंतर एक हळुवार आवाज येतो. तो आवाज त्याला कुरवाळत बसत नाही. तू इथे काय करतोस असे विचारतो आणि कामावर परत धाडतो. चळवळीत थकून, वैतागून घरी बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही कथा वाचावी अशी आहे.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही आहे आणि वकील म्हणून मी ती पुराव्यात मांडणार. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा कराराचा कोश गाडीवरून नेत असतो. बैल अडखळतात, कोश कलंडू नये म्हणून उज्जा नावाचा माणूस हात लावतो आणि तो जागच्या जागी मरतो. हेतू चांगला होता, पण स्पर्श झाला. पुढे जेरुसलेमच्या मंदिरात याच विचाराचे स्थापत्य उभे राहिले. बाहेर परकीयांचे अंगण, मग स्त्रियांचे, मग पुरुषांचे, मग याजकांचे, आणि सर्वांत आत परमपवित्रस्थान. तिथे वर्षातून एकाच दिवशी, एकट्या प्रमुख याजकाने जायचे. परकीयाने ठरावीक कठड्याच्या आत पाऊल टाकले तर त्याच्या मृत्यूला तोच जबाबदार राहील, असे बजावणारा ग्रीक भाषेतला दगड १८७१ साली जेरुसलेममध्ये सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बंद दारांसमोर जे उभे राहिले, त्यांना तो दगड वाचायला ग्रीक भाषा शिकण्याची गरज नाही.

दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणणार नाही. जेरुसलेमच्या त्या कठड्यामागे मनुस्मृतीसारखी जन्मावर आधारलेली अस्पृश्यता नव्हती. शिवाय त्या व्यवस्थेवर पहिले घाव बायबलमधल्याच माणसांनी घातले. आमोस नावाच्या मेंढपाळाने ठणकावले की न्याय नसेल तर तुमच्या सणांचा आणि यज्ञांचा परमेश्वराला तिटकारा आहे. येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय लिहितो. ज्याने हे लिहिले त्याला कठड्यांचा अर्थ नीट समजला होता. पण जिथे पावित्र्य एखाद्या वस्तूत, जागेत, मूर्तीत राहायला जाते, तिथे कठडा येतो. कठडा आला की राखणदार येतो. राखणदार आला की कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवण्याचा धंदा सुरू होतो. हा निष्कर्ष सर्व धर्मांना लागू आहे, आपल्यालाही.

आता तथागतांकडे येऊ. राजगृहात सुनीत नावाचा सफाई काम करणारा माणूस होता. रस्ता झाडत असताना त्याला समोरून भगवान बुद्ध भिक्खूंसह येताना दिसले. तो घाबरला. कुठे लपावे सुचेना, म्हणून भिंतीला अंग चिकटवून हात जोडून उभा राहिला. इथेही पवित्र माणूस समोर आहे, इथेही थरकाप आहे. पण इथे 'जवळ येऊ नकोस' ही आज्ञा नाही. बुद्ध स्वतः चालत त्याच्याकडे गेले, त्याच्याशी प्रेमाने बोलले आणि त्याला संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा मुद्दाम घेतली आहे. मोशेच्या झुडपासमोर अंतर राखणे हा पावित्र्याचा नियम आहे. सुनीताच्या भिंतीशी अंतर मिटवणे हेच पावित्र्य आहे. माझ्या मते दोन परंपरांमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

दुसरा फरक आवाजाचा. बायबलमध्ये कोणीतरी हाक मारतो आणि माणूस उत्तर देतो. बोधिवृक्षाखाली कोणी हाक मारली नाही. ज्ञान आकाशातून उतरले नाही, प्रयत्नाने मिळवले गेले. परंपरेतली कथा अशी की माराने आव्हान दिले, तुझा साक्षीदार कोण? तेव्हा सिद्धार्थ गौतमाने उजव्या हाताने जमिनीला स्पर्श केला. साक्षीला स्वर्ग नाही, भूमी बोलावली. भूमिस्पर्श मुद्रेतली मूर्ती आपल्या कित्येक विहारांत आहे, पण त्या हाताचा अर्थ आपण मुलांना सांगतो का?

तिसरा फरक रिकाम्या जागेचा. भारहूत आणि सांचीच्या जुन्या शिल्पांत बुद्धांची मानवी आकृती नाही. राजे नमस्कार करीत आहेत, स्त्रिया फुले वाहत आहेत, आणि समोर आहे रिकामे आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष, धम्मचक्र. आपल्या भाजे लेण्यातला स्तूपही तसाच, कोणतीही मूर्ती नसलेला. गंमत अशी की जेरुसलेमच्या परमपवित्रस्थानातही मूर्ती नव्हती. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे तिथे घुसला, तेव्हा त्याला आत देवाची प्रतिमा आढळली नाही, गाभारा रिकामा होता, असे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नमूद केले आहे. दोन्हीकडे रिकामी जागा; पण रिकामेपणाचा अर्थ वेगळा. तिकडे जागा रिकामी आहे कारण तिथे राहणारा परमेश्वर कोणत्याही मूर्तीत मावत नाही. तो आहे, पण दिसत नाही. इकडे आसन रिकामे आहे कारण बसणारा निघून गेला आहे आणि जाताना काहीतरी ठेवून गेला आहे.

काय ठेवून गेला? महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की माझ्यामागे तुम्हाला गुरू उरला नाही असे समजू नका, मी शिकवलेला धम्म आणि विनय हाच तुमचा गुरू. वक्कली नावाचा भिक्खू राजगृहात कुंभाराच्या घरी आजारी पडला होता. बुद्धांचे दर्शन घ्यावे एवढीच त्याची तळमळ. तथागत त्याच्या खाटेजवळ गेले आणि म्हणाले, या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार. धम्म पाहणारा मला पाहतो. दर्शनाच्या भुकेला इतक्या मायेने आणि इतक्या परखडपणे दिलेले दुसरे उत्तर मला ठाऊक नाही.

आपली बाजू मांडताना मी प्रतिकूल पुरावा दडवणार नाही. बौद्ध इतिहासातही लोकांनी स्तूपाला जिवंत मानले, अस्थींसाठी राज्ये भांडायला उठली आणि शेवटी द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ भाग करून दिले. महायानात अमिताभ आले, अवलोकितेश्वर आले. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकापर्यंत स्तूपाच्या पोटातूनच बुद्धमूर्ती पुढे आलेली दिसते. माणसाला रिकाम्या आसनाकडे फार काळ पाहवत नाही, हे सत्य आहे. आणि पवित्र भूमी, पवित्र राष्ट्र या कल्पनेने दोन्ही परंपरांचे हात रक्ताने माखले आहेत. ज्या देवाने गुलाम सोडवले त्याच्याच नावाने यहोशवाच्या पुस्तकात कनान देशातल्या लोकांची कत्तल वर्णिली आहे. आणि २०१७ साली म्यानमारमध्ये रोहिंग्यांना देशोधडीला लावले गेले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध विष पेरणाऱ्यांत चीवर घातलेले लोक होते. आपण त्या चीवराला वंदन करतो म्हणून गप्प बसायचे काय?

मग दोन्ही वाटा कुठे भेटतात? त्या एका आजारी माणसाच्या खाटेजवळ भेटतात. विनयपिटकात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशू न्यायाच्या दिवसाचे वर्णन करताना भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस यांची यादी देतो आणि म्हणतो की या कनिष्ठांपैकी कनिष्ठासाठी जे केले ते माझ्यासाठी केले. दोन भाषा, दोन देश, मध्ये काही शतके. आणि दोघेही पावित्र्याचा पत्ता एकच देतात. तो पत्ता देवळाचा नाही.

बाबासाहेबांनी हे सूत्र पकडले. मे १९५० च्या 'महाबोधी' मासिकात त्यांनी बुद्धांची तुलना येशू, महंमद आणि कृष्ण यांच्याशी केली. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले. बुद्धांनी स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही, ते मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, हा त्यांचा मुद्दा आपल्याला पाठ आहे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते याहून पुढे जातात आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते. तिथे ते सांगतात की धम्म म्हणजे नीती, पण नुसती नीती पुरेशी नाही. ती पवित्र झाली पाहिजे आणि सार्वत्रिक झाली पाहिजे. जगण्याच्या झगड्यात बलवान टिकतो, दुबळा चिरडला जातो. त्या दुबळ्याला संरक्षण द्यायचे तर नीतीला पावित्र्याचे कवच हवे. पाहा, बाबासाहेबांनी 'पवित्र' हा शब्द फेकून दिला नाही. त्यांनी तो देवाकडून काढून घेतला आणि माणसामाणसातल्या वागणुकीला दिला. ही केवढी मोठी क्रांती आहे! नास्तिक म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांना हे कळलेले नाही, आणि 'आमच्यात पवित्र-बिवित्र काही नसते' असे म्हणणाऱ्या आपल्याच काही पंडितांनाही कळलेले नाही.

याचा अर्थ मला कायद्याच्या महाविद्यालयात कळला नाही, माझ्या आजीकडून कळला. तिने ५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. गावी आल्यावर घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. मी सात-आठ वर्षांचा असताना शेताच्या बांधाच्या एका दाव्यात तिची साक्ष निघाली आणि तिच्याबरोबर मीही कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनाने तिला ईश्वराची शपथ घ्यायला सांगितली. आजी म्हणाली, "देव तं आमी छप्पन सालीच नदीत सोडले, साहेब. मी पंचशील घेतलेली बाई आहो. खरं सांगतो, तेवढं लिहून घ्या." कारकून हसला. 'देव नाही तर खोटं बोलायला मोकळीच' असे काहीतरी पुटपुटला. न्यायाधीशांनी मात्र मान वर करून पाहिले आणि प्रतिज्ञेवर साक्ष नोंदवून घेतली. पुढे वकिलीचा अभ्यास करताना कळले की तो आजीचा हट्ट नव्हता, हक्क होता. १९६९ च्या शपथ कायद्याच्या पाचव्या कलमाखाली ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टातही दोन्ही पर्याय आहेत. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करण्याची दुरुस्ती आणली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली आणि उद्देशिका 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनीच सुरू झाली. तेही एक रिकामे आसनच म्हणायचे. तिथे देव बसवला नाही, माणसे बसवली.

कारकुनाचे म्हणणे असे की वरून पाहणारा कोणी नसेल तर माणूस खरे का बोलेल? आजीच्या वागण्यात त्याचे उत्तर होते. ती खरे बोलली कारण शील तिच्यासाठी पवित्र होते. ज्याच्या बांधाचा दावा होता तो तिचा नातलग होता आणि तिची साक्ष त्याच्या विरोधात गेली. घरी येताना ती गप्प होती. रात्री बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मला एवढेच म्हणाली, "बाबानं हेच शिकोलं." त्या खोलीत त्या रात्री जे काही होते, तोच माझा 'पाचवा', सर.

आता आपल्या आजच्या वागण्याकडे पाहू. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर नवस बोलणारे, नारळ ठेवणारे, गंडेदोरे बांधून वर निळा टिळा लावणारे मी पाहिले आहेत. साधी माणसे कृतज्ञतेने वाकतात, त्यांच्या श्रद्धेची टिंगल मी करणार नाही. टिंगल करण्याचा अधिकार त्यांच्याइतके सोसलेल्यालाच असेल. पण ज्यांना समजते त्यांनी तरी रिकाम्या आसनावर नवा देव बसवू नये. देव झालेल्या माणसाचे अनुकरण करावे लागत नाही, फक्त हार घालावा लागतो. बाबासाहेबांना देव करून टाकणे हा त्यांच्या आज्ञेतून सुटण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि आपले विरोधक आपल्याला त्यासाठी आनंदाने मदत करतील.

कोणी विचारेल, पावित्र्य जागेत नसेल तर बुद्धगयेच्या महाविहारासाठी भांडता कशाला? १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने तिथल्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले, अध्यक्ष जिल्हाधिकारी. १९९२ मध्ये भदंत सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आणि पुन्हा २०२५ मध्ये भिक्खूंच्या उपोषणापासून त्याविरुद्ध आंदोलने झाली. माझे उत्तर वकिलाचे आहे. महापरिनिब्बान सुत्तातच जन्म, संबोधी, पहिले प्रवचन आणि परिनिर्वाण या चार जागा सांगितल्या आहेत. त्या पाहून मनात संवेग, म्हणजे जागे करणारी हुरहूर, उत्पन्न होते म्हणून. त्या जागा स्मृतीच्या आहेत, आणि ज्या समाजाची स्मृती दुसऱ्याच्या ताब्यात असते त्याचे भविष्यही दुसऱ्याच्या ताब्यात जाते. आपण तिथे परमपवित्रस्थान बांधायला जात नाही, कठडा काढायला जातो.

आणि कठड्यांचीच गोष्ट निघाली म्हणून सरांचे जे देणे आहे ते द्यायला हवे. सरांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच जातीचे, तसल्याच वेशीबाहेरच्या वस्तीतले. एकाने येशूची वाट धरली, दुसऱ्याच्या मुलांनी बुद्धाची. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने आधी फक्त हिंदूंना अनुसूचित जातीत धरले. १९५६ मध्ये शिखांचा आणि मोठ्या लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. दरम्यान दलित ख्रिस्ती माणसावर जातीवरून हल्ला झाला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दार त्याच्यासाठी बंद, कारण तो कागदावर अनुसूचित जातीचा नाही. तमिळनाडूत तर काही चर्चच्या दफनभूमीत दलितांसाठी वेगळी भिंत आहे. म्हणजे जात त्याला चर्चमध्येही सोडत नाही आणि कायदा म्हणतो तुला जातच नाही. माणूस रात्रीच्या खोलीत कोणाची चाहूल घेतो, यावरून त्याच्या जखमेची नोंद घ्यायची की नाही हे राज्याने ठरवायचे? १९९० पूर्वी हा अन्याय आपण भोगला आहे. आपल्याला दार उघडले म्हणून मागच्याच्या तोंडावर ते लोटून घेणे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नाही. आरक्षणाचा वाटा कमी होईल ही भीती मला समजते; वाटा वाढवून मागावा, पण कठड्याची राखण करू नये.

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. चैत्यभूमीवर कोणी नसते. तिथे अस्थी आहेत, दगड आहे, समुद्र आहे आणि रिकामे आसन आहे. पण त्या आसनासमोर लाखो माणसे न बोलावता येतात, एकमेकांना पाणी देतात, पुस्तके विकत घेतात, अनोळखी बाईच्या लेकराला उचलून घेतात. हजारो वर्षे ज्यांची सावली नको होती त्यांचे खांदे खांद्याला लागतात. तुम्हाला जे खोलीत जाणवले त्यावर उलटतपासणी घेण्याचा मला अधिकार नाही. मला जे जाणवते ते वरून येत नाही, शेजाऱ्याच्या खांद्यातून येते. आणि ते खरे होते की नाही याचा पुरावा ७ डिसेंबरला मिळतो. परत आल्यावर मी आजारी शेजाऱ्याच्या खाटेजवळ जातो की नाही, नातलगाच्या विरोधात का होईना खरी साक्ष देतो की नाही, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या एखाद्या सुनीताकडे चार पावले चालत जातो की नाही.

धम्मबांधवांनो, पुढच्या ६ डिसेंबरला रांगेत उभे राहाल तेव्हा डोळे भरून आले तर ते पुसू नका, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त घरी परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा, जो एलीयाला त्याच्या गुहेत विचारला गेला आणि जो आपल्याला आपल्याच शीलाने विचारायचा आहे : तू इथे काय करतोस? उत्तर कामाने द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!